उलटी झाली की लगेच पित्त म्हणू नका, आधी एवढं बघा

आमच्या तासगावकडं कुणाला मळमळलं की घरात एकच वाक्य, पित्त झालंय, आणि सोडा पाजून झोपवायचं. पित्त असतंही, पण प्रत्येक उलटी पित्ताची नसते. म्हणून आधी विचारा, कधीपासून होतंय, काय खाल्लं, सोबत जुलाब-ताप आहे का, आणि उलटीचा रंग बघा.

जुलाब पण असतील तर बहुतेक पोटाचं इन्फेक्शन किंवा शिळं खाणं, यात खरा धोका अंगातलं पाणी जाण्याचा. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाका, ग्लासात थोडी थोडी नको, मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा आणि सपाट भरलेला. उलटी झाली की १० मिनिटं थांबा, मग चमचा चमचा द्या, गटागट पाजलं की परत बाहेर येतं. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाका.

आता बागवाल्यांसाठी, हे मी कळकळीनं सांगतोय. फवारणी करून आल्यावर मळमळ, उलटी, दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्याच्या बाहुल्या बारीक झालेल्या, असं असेल तर ती विषबाधा समजा. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टरला लेबल बघून उपचार ठरवता येतात.

तसंच शुगरच्या किंवा वयस्कर माणसाला मळमळीसोबत घाम, छातीत दडपण, धाप असेल तर सोडा देत बसू नका, ईसीजी काढा, हार्ट अटॅक असाही येतो. उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळपट चुरा, बाळाची हिरवी उलटी, डोक्याला मार लागल्यावरची उलटी, मान ताठ, ८ तास लघवी नाही, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. पाळी चुकली असेल तर आधी टेस्ट करा, मनानं गोळी घेऊ नका.

आणि वाईहून पसरणी घाट चढताना गाडी लागते त्यांनी पुढं बसा, लांब रस्त्याकडं बघा, मोबाईल खाली ठेवा. गाडी लागायची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, पण तिनं झोप येते, त्यामुळं गाडी चालवणाऱ्यानं घ्यायची नाही आणि लहान पोरांना डॉक्टरला विचारूनच.