बाइक म्हणजे सायकल: इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत सायकलवर नीट उत्तर कसं द्यायचं

आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिक्षण-नोकरीसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्या तोंडी भागात 'डू यू राइड अ बाइक?' असं विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी मोटरसायकल येते. नाशिकमध्ये बाइक म्हणजे पेट्रोलवर चालणारी गाडी, पण परीक्षकाच्या इंग्रजीत ती बहुतेक वेळा साधी सायकल असते. प्रश्न सायकलचा आणि उत्तर लायसन्स-मायलेजचं, असं झालं की पुढचे दोन प्रश्नही त्याच घोटाळ्यात जातात. म्हणून सायकलला बाइक किंवा बायसिकल म्हणायचं आणि मोटरसायकलला मोटरबाइक. शंका आली तर सरळ विचारा: 'डू यू मीन अ बायसिकल ऑर अ मोटरबाइक?' एवढं विचारल्याने गुण जात नाहीत.

तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. पहिल्या भागात रोजच्या आयुष्यावरचे छोटे प्रश्न, दुसऱ्यात एका विषयावर एक ते दोन मिनिटं सलग बोलणं, तिसऱ्यात चर्चा. गुण चार गोष्टींना समान मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. सायकलचे प्रश्न मुख्यतः पहिल्या भागात येतात. तिथे एका शब्दात उत्तर देणं वाईट आणि मिनिटभर भाषण ठोकणंही वाईट. दोन ते चार वाक्यं पुरतात.

सायकलचे सुटे भाग आपल्याला माहीत असतात, पण त्यांची आपल्याकडची इंग्रजी नावं निम्मी मराठी झालेली असतात. हँडलला 'हँडलबार्स' म्हणा, सीटला 'सॅडल', मागच्या कॅरिअरला 'रॅक', साइड स्टँडला 'किकस्टँड'. ब्रेक, चेन, पेडल, मडगार्ड तसेच चालतात. क्रियापदं जास्त दगा देतात. सायकल 'ड्राइव्ह' करत नाहीत, 'राइड' करतात. 'आय लर्न्ड सायकल' नव्हे, 'आय लर्न्ड टु राइड अ बाइक'. 'माय टायर गॉट पंक्चर' नव्हे, 'आय गॉट अ पंक्चर' किंवा 'आय हॅड अ फ्लॅट टायर'. चेन पडली म्हणजे 'द चेन केम ऑफ'. हवा भरली म्हणजे 'आय पम्प्ड अप द टायर्स'. चढावर उतरून ढकलत नेली तर 'आय गॉट ऑफ अँड पुश्ड इट'. उतारावर पेडल न मारता सोडून दिली तर 'आय फ्रीव्हील्ड डाउनहिल'. डबलसीट हा शब्द परीक्षकाला कळेलच असं नाही. 'माय सिस्टर यूज्ड टु सिट ऑन द बॅक' म्हणा. लहानपणी उंच सायकलवर आपण हाफ पॅडल मारतो, त्यालाही वेगळा शब्द शोधत बसू नका, दिसतं तसं सांगा: 'इट वॉज टू टॉल फॉर मी, सो आय पुट वन लेग थ्रू द फ्रेम अँड रोड स्टँडिंग अप.' अशा वाक्याला पाठ केल्याचा वास येत नाही.

आता एक उत्तर जवळून पाहू. प्रश्न: 'डिड यू हॅव अ बाइक व्हेन यू वेअर अ चाइल्ड?' नेहमी येणारं उत्तर असं असतं: 'येस, आय वॉज हॅविंग अ सायकल. आय वॉज गोइंग टु स्कूल बाय माय सायकल ओन्ली. इट वॉज व्हेरी गुड.'

यात पाच गोष्टी बिघडल्या आहेत. मालकी सांगताना 'हॅविंग' येत नाही, 'आय हॅड'. जुनी सवय सांगायला 'वॉज गोइंग' नाही, 'यूज्ड टु गो'. 'बाय' नंतर 'माय' लागत नाही. 'बाय बाइक' किंवा 'ऑन माय बाइक'. 'ओन्ली' हा आपला 'च' आहे, 'सायकलनेच जायचो' मधला. इंग्रजीत तो वाक्याच्या शेवटी टांगला की अर्थच बदलतो. आणि 'व्हेरी गुड' काहीच सांगत नाही. सुधारलेलं उत्तर:

'येस, आय हॅड अ सेकंड-हँड रेड वन विद नो गिअर्स. आय यूज्ड टु राइड इट टु स्कूल अलाँग गंगापूर रोड. इन द रेनी सीझन द चेन केम ऑफ ऑल द टाइम, सो माय हँड्स वेअर ऑफन ब्लॅक विद ग्रीस बाय द टाइम आय गॉट देअर.'

शब्द सगळे साधे आहेत. गुण वाढतात ते रंग, रस्ता आणि काळ्या हातांमुळे, कारण त्यांच्या मागोमाग 'यूज्ड टु', 'सो', 'बाय द टाइम' आपोआप येतात. पर्यावरण, प्रदूषण, आरोग्य यांच्यावरची तयार वाक्यं पहिल्या भागात ठेवूच नका. हे उत्तर मात्र तुमचं नसेल तर तसंच्या तसं उचलू नका. पाठांतर परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

'यूज्ड टु' म्हणताना मधला 'ड' ऐकू येत नाही, 'यूस्टु' असं एका दमात येतं. नकारात 'डिडन्ट यूज टु'. कालावधी सांगताना मराठीतलं 'पासून' डोक्यात असतं, म्हणून 'आय ॲम रायडिंग फ्रॉम फाइव्ह इयर्स' निघतं. बरोबर रूप: 'आय हॅव बीन रायडिंग फॉर फाइव्ह इयर्स', आणि वर्ष सांगायचं तर 'सिन्स 2021'.

दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते. शिकलेलं कौशल्य, आठवणीतला प्रवास, जपलेली वस्तू, यातल्या कुठल्याही विषयाला सायकल चालते. कागदावर वाक्यं लिहू नका, सहा-सात शब्द पुरे: गोल्फ क्लब मैदान, काका, फ्रेम, गुडघा, त्र्यंबक, 30 किमी, आता. टिपणं तपासली जात नाहीत, मराठीतही चालतील. प्रत्येक शब्दावर 15 ते 20 सेकंद बोललं की दोन मिनिटं भरतात. परीक्षकाने मध्येच थांबवलं तर घाबरू नका, वेळ संपलेली असते.

तिसऱ्या भागात लोक सायकल का वापरत नाहीत, शहराने काय करावं असे प्रश्न येतात. मत, कारण, उदाहरण, एवढा क्रम धरा. उदाहरण आपल्या गावातच आहे: नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे 4,800 किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. 'इन ट्वेंटी फिफ्टीन टू ब्रदर्स फ्रॉम माय सिटी...' अशी सुरुवात करून त्याचा संबंध प्रश्नाशी जोडा. नुसती माहिती सांगून थांबलात तर उत्तर अर्धवट राहतं.

उच्चारांत पहिली चूक 'बायसायकल'. मराठीतल्या सायकलमुळे ती होते. शब्द 'बाय-सि-कल' असा आहे, जोर पहिल्या अक्षरावर, मधला 'सि' अगदी आखूड. 'व्हेइकल'मध्ये 'ह' म्हणू नका, 'व्हीअकल'. आपला 'व' इंग्रजीतल्या दोन आवाजांची जागा घेतो. 'व्हील' म्हणताना ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करा, 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. मराठी लकब असली म्हणून गुण कापत नाहीत. शब्द कळला नाही तर कापतात.

सराव रोज 15 मिनिटं. एक प्रश्न घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त तीन गोष्टी मोजा: 'ओन्ली' किती वेळा, 'व्हेरी गुड' किती वेळा, आणि वाक्याच्या मध्येच किती वेळा अडकलात. मग तेच उत्तर कागदाशिवाय पुन्हा द्या, शब्द थोडे बदलून. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदला, सायकल तीच ठेवा. आठवड्यातून एकदा घरातल्या कुणाला तरी समोर बसवून मध्येच 'व्हाय?' विचारायला सांगा. पाठ केलेलं उत्तर त्या एका शब्दाशी कोसळतं, आणि दुरुस्ती कुठे हवी ते कळतं.