शंभर वॉनचं नाणं : यी सुन-शिन यांचं नाणं कसं पारखावं

कोरियाहून आलेल्या सुट्ट्या पैशांत दाढीवाल्या, दरबारी टोपी घातलेल्या पुरुषाचं पांढरं नाणं दिसलं, तर ते १०० वॉनचं. चेहरा नौसेनापती यी सुन-शिन (१५४५–१५९८) यांचा. १५९७ साली म्यंगन्यांगच्या सामुद्रधुनीत अवघ्या १३ जहाजांनिशी त्यांनी जपानी आरमाराला परतवून लावलं.

आधी साल पाहा. हे नाणं १९७० पासून चलनात आहे. १९८३ मध्ये त्याची रचना बदलली, पण वजन, व्यास तेच राहिले. नवी नाणी ढिगाने सापडतात, त्यामुळे झिजलेल्या नाण्याला दर्शनी किमतीपलीकडे फारसं कुणी देत नाही. १९७०-८२ मधली, त्यातही न वापरलेली, ती मात्र वेगळी काढा. ५ वॉनच्या जुन्या नाण्यावर यी सुन-शिन यांचं कासव-जहाज, म्हणजे वरून झाकलेली युद्धनौका आहे. संग्रहात ती जोडी शोभून दिसते.

मग ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वजन ५.४२ ग्रॅम, व्यास २४ मिमी, कडेला ११० खाचा. धातू ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल, म्हणून लोहचुंबकाला चिकटता कामा नये. चिकटलं तर नाणं खोटं. जपानचं १०० येनचं नाणंही याच धातूचं, पण ते ४.८ ग्रॅम आणि २२.६ मिमी.

झीज जोखायची तर दिव्याखाली नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवा. गाल, टोपी आणि दाढीचे उंच भाग आधी गुळगुळीत होतात. दाढीचे केस सुटे दिसत असतील तर नाणं फार हाताळलेलं नाही.

चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. घासल्याने बारीक ओरखडे उठतात, मूळ चमक जाते आणि जाणकार ते लगेच ओळखतो. चिकट हिरवट थर बहुतेक वेळा पीव्हीसीच्या पाकिटामुळे धरतो. तो काढायला काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या, नाणं पाच मिनिटं बुडवा, न पुसता वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, कारण त्यात तेल आणि सुगंध मिसळलेला असतो.

ठेवायला मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं घ्या, डब्यात ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती महिन्यातून एकदा तरी तपासा. आणि नाणं कायम कडेने धरा. बोटांचा घाम लागला की काही महिन्यांत तिथे डाग उमटतो.