लांबलचक पारिभाषिक शब्द पोरांच्या तोंडी बसवायचे असतील तर शब्दकोडी कशी बनवायची

आंतर्द्रव्यजालिका, निर्जंतुकीकरण, बाष्पोत्सर्जन, धर्मनिरपेक्षता. सातवी-आठवीपासून मराठी माध्यमाच्या पोरांसमोर असे शब्द पानोपानी यायला लागतात आणि बरीच पोरं ते वाचतच नाहीत, पहिली दोन अक्षरं बघून अंदाजाने पुढे सरकतात. मोठ्याने वाचायला सांगा, लगेच कळतं. 'प्रकाश'पर्यंत आवाज खणखणीत आणि 'संश्लेषण' आलं की पुटपुटणं सुरू. ज्यांच्या घरी अहिराणी, कोरकू, गोरमाटी बोलतात त्यांना तर हे शब्द अजूनच परके वाटतात. मग आपण काय करतो, शब्द दहादा लिहून आणायला सांगतो. हात दुखतो, शब्द काही बसत नाही.

यावर शब्दकोडी खरंच कामाला येतात, पण सगळी नाही. कोडं असं हवं की पोराला तो शब्द डोक्यातून काढावा लागेल किंवा तोडून परत जोडावा लागेल. अक्षरांच्या मोठ्या चौकटीत शब्द शोधून गोल करायचे आणि शेजारी शब्दांची यादी तयारच, हा प्रकार वर्गात फार चालतो कारण पोरं गप्प बसतात, पण त्यात अर्थाशी काहीच संबंध येत नाही, नजर फिरवली की झालं. तो करायचाच असेल तर यादी काढून टाका आणि यादीच्या जागी अर्थ द्या. "झाडाच्या पानांतून वाफेच्या रूपात पाणी बाहेर पडणं" एवढंच लिहा. आता पोराला आधी शब्द आठवायला लागेल मग शोधायला. तेच कोडं, पण आता त्यात शिकणं आलं.

सुरुवात मात्र कोड्यापासून नाही तर तोडण्यापासून करा. हे शब्द लांब दिसतात कारण ते जोडलेले असतात, आणि जोड कुठे आहे ते एकदा दिसलं की अर्धी भीती जाते. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, एकेका पट्टीवर शब्दाचा एकेक तुकडा लिहायचा. प्रकाश, संश्लेषण. गुरुत्व, आकर्षण. बाष्प, उत्सर्जन. पट्ट्या मिसळून चौघाचौघांच्या गटाला द्यायच्या आणि सांगायचं की जोड्या लावा. प्रकाश आणि संश्लेषण नुसते शेजारी ठेवले की शब्द तयार, पण बाष्प आणि उत्सर्जन जोडताना 'बाष्पउत्सर्जन' होतं आणि कोणीतरी विचारतंच की पुस्तकात ष्पो कुठून आला. तिथे सूर्य आणि उदय काढायचे. सूर्योदय त्यांना पहिल्यापासून माहितीय, त्यात जो ओ झाला तोच इथे झाला. गुरुत्वाकर्षणासाठी हिम आणि आलय. मराठीच्या तासाला संधी शिकवताना हीच उदाहरणं असतात पण विज्ञानाच्या पुस्तकातल्या शब्दाला तो नियम लावायचं पोरांच्या डोक्यात येत नाही, दोन्ही तासांची दारं वेगळी असतात ना. विज्ञान आणि मराठीच्या शिक्षकांनी आपसात बोलून एकाच आठवड्यात हे घेतलं तर फारच छान.

पट्ट्यांचा दुसरा फायदा म्हणजे शब्दांची कुटुंबं दिसतात. 'करण' ही एक पट्टी मधे ठेवा आणि भोवती औद्योगिकी, जागतिकी, उदारी, विकेंद्री, निर्जंतुकी. इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान सगळ्यांत हेच शेपूट आहे, अर्थ एकच, 'तसं करणं'. तसंच 'वर्तन' घ्या, आधी परा लावला की परावर्तन, अप लावला की अपवर्तन. दहावीची पोरं या दोघांत हमखास गोंधळतात. परा म्हणजे मागे, किरण परत आला, आणि अपवर्तनात तो नुसता वाकून पुढे जातो, हे पट्टी हातात धरून बोललं की दोघं वेगळे होतात.

आता खरं शब्दकोडं, आडवे-उभे शब्दवालं. इथे देवनागरीची एक गोष्ट आधी ठरवून घ्यायला लागते, नाहीतर वर्गात भांडणं होतात. एका घरात एक पूर्ण अक्षर, त्याची मात्रा, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षर सगळं त्याच घरात. म्हणजे गुरुत्वाकर्षण सहा घरांचा, गु रु त्वा क र्ष ण. बाष्पोत्सर्जन पाचच घरांचा, बा ष्पो त्स र्ज न. रफाराला वेगळं घर मागणारी पोरं असतातच, त्यांना पहिल्या दिवशीच फळ्यावर करून दाखवा. आणि जिथे दोन शब्द एकमेकांना छेदतात तिथलं अक्षर मात्रेसकट तंतोतंत जुळलं पाहिजे, ल आणि लि जुळत नाहीत. याच्यामुळे मराठी कोडं बनवायला इंग्रजीपेक्षा जास्त डोकं लागतं, पण मात्रा चुकली तर छेदणारा शब्द अडतो आणि शुद्धलेखन आपोआप तपासलं जातं, हा केवढा फायदा आहे बघा.

एक कोडं आख्खं बनवून दाखवते, आठवीच्या पेशीच्या धड्यावरचं. गणिताची चौकटीची वही घ्या. सगळ्यात लांब शब्द आधी, आडवा: आं त र्द्र व्य जा लि का, सात घरं. शेवटच्या घरात का आहे. त्याच का मधून लयकारिका उभा जाऊ द्या, ल य का रि का, म्हणजे आडव्या ओळीच्या वर दोन घरं आणि खाली दोन घरं. आता त्या का च्या लगेच खाली रि आलाय, तिथून आडवा रिक्तिका सुरू होतो, रि क्ति का. याच्या शेवटच्या का वर तंतुकणिका उभा येऊन संपतो, तं तु क णि का, म्हणून तो चार घरं वरून सुरू करायचा. राहिला हरितलवक. मोह होतो की लयकारिकेच्या ल मधून त्याला आडवा घालावा, पण तसं केलं की त्याचा शेवटचा क थेट तंतुकणिकेच्या तु वर येऊन आदळतो. म्हणून तो डावीकडे न्या, आंतर्द्रव्यजालिकेच्या दुसऱ्या घरात त आहे आणि हरितलवकमधे तिसरा त, तिथून उभा घातला की बरोबर बसतो. पाच शब्द, एक कोडं, चौकोन पूर्ण भरायचा काही हट्ट नको. आर्थर विनचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ ला छापून आलं तेही शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं, चौकोनी नव्हतं.

इंटरनेटवर कोडं बनवून देणारी जी साधनं आहेत ती बरीचशी इंग्रजीसाठी बनलेली असतात, देवनागरी शब्द टाकला की कधीकधी मात्रा वेगळ्या घरात आणि प्र चे तीन तुकडे. त्यापेक्षा एक्सेल किंवा गूगल शीट्स उघडा, रकाने चौकोनी करून घ्या, एका सेलमधे एक अक्षर स्वतः टाइप करा, बॉर्डर द्या, मग अक्षरं पुसून प्रिंट. प्रिंटरच नसेल तर फळ्यावर काढा, पोरं वहीत उतरवतील, काही बिघडत नाही.

सूचक वाक्यं लिहिणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आणि तिथेच लोक घाई करतात. पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी टाकली की पोरं पुस्तक उघडतात, व्याख्या शोधतात, शब्द उतरवतात, संपलं. मी सूचक तीन प्रकारे लिहिते. एक, तुकड्यांवरून: 'धागा आणि बारीक दाणा' म्हणजे तंतुकणिका. (मायटोकॉन्ड्रिया ज्या ग्रीक शब्दांवरून आला त्यांचाही अर्थ धागा आणि दाणा हाच आहे, सेमी इंग्रजीवाल्यांना हे जरूर सांगा. फोटोसिंथेसिसचंही तसंच, फोटो प्रकाश आणि सिंथेसिस संश्लेषण, तुकड्याला तुकडा लागतो.) दुसरा प्रकार कामावरून: 'पेशीतल्या टाकाऊ गोष्टींची विल्हेवाट लावते, म्हणून आत्मघाती पिशवीही म्हणतात', लयकारिका. तिसरा फरकावरून, आणि हा मला सगळ्यात जास्त आवडतो: 'वनस्पतीच्या पेशीत भली मोठी, प्राण्याच्या पेशीत लहान', रिक्तिका. 'वनस्पतीच्या पेशीत असतं, प्राण्याच्या नसतं, अन्न इथेच तयार होतं', हरितलवक. फरकावरून लिहिलेलं सूचक गोंधळाच्या जोड्यांना फार उपयोगी. भूगोलात परिवलन आणि परिभ्रमण एकाच कोड्यात मुद्दाम घाला, एकाला 'पृथ्वीची स्वतःभोवतीची गिरकी' आणि दुसऱ्याला 'सूर्याभोवतीची वर्षाची फेरी'. दोन्ही शब्द प पासूनच आणि प च्या पुढेही रि, त्यामुळे पहिल्या अक्षरावरून अंदाज मारणाऱ्यांना थांबून विचार करावाच लागतो.

भाषा मात्र सूचकात पोरांची वापरा. बाष्पोत्सर्जनाला 'झाडाचा घाम' लिहिलं तरी चालेल, उत्तर मिळाल्यावर घाम आणि बाष्पोत्सर्जनात फरक काय यावर पाच मिनिटं बोला. उत्तराचा शब्द मात्र पाठ्यपुस्तकातलाच ठेवा. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशात किंवा जुन्या पुस्तकात त्याच कल्पनेला वेगळा शब्द सापडू शकतो, आपल्याला आवडतो म्हणून तो कोड्यात टाकला तर परीक्षेच्या तोंडावर पोरं गोंधळतात.

शुद्धलेखनासाठी एक छोटं कोडं आहे, दोन मिनिटांचं. शब्दाच्या मात्रा आणि अनुस्वार काढून टाका आणि फळ्यावर लिहा: ग र त्व क र्ष ण. आता मात्रा भरा. गुरुत्वाकर्षणातले दोन्ही उकार ह्रस्व, हे डोळ्यासमोर येतं. आनुवंशिकता तर नक्की घ्या, 'अनुवंशिकता' लिहिणारे खूप. पहिलं अक्षर अ च द्यायचं, काना लागतो का ते पोरांनाच ठरवू द्या. अक्षरं उलटसुलट करून द्यायची असतील तरी अख्खी अक्षरं हलवा (ष, श्ले, का, ण, सं, प्र, श), सुट्या मात्रा आणि पाय मोडलेली अक्षरं दिलीत तर ते कोडं राहत नाही, नुसता वैताग होतो.

एका कोड्यात पाच ते सात शब्द पुरेत. जोडीने सोडवू द्या, त्यात एकजण वाचण्यात कच्चा असला तरी चालतं, शब्द मोठ्याने बोलला जातो ना तेच हवंय. आधी कोण संपवतं अशी शर्यत लावू नका, मार्कही देऊ नका. शर्यत लावली की हळू वाचणारं पोर शेजाऱ्याचं बघून भरतं, आणि ज्याच्यासाठी आपण एवढा खटाटोप केला तोच बाहेर राहतो. उत्तर भरल्यावर प्रत्येक जोडीने एक शब्द घेऊन वाक्य बोलायचं, लिहायचं नाही, बोलायचं. शब्द तोंडात बसला की कागदावर येतोच.

दोन-तीन कोडी झाली की पोरांनाच बनवायला सांगा. आधी का-कू करतील, पण जाळी आखताना 'अगं तिकडे णि येतोय, आपल्याला ण पाहिजे' अशी जी चर्चा चालते ती ऐका, त्यांनी एवढ्या बारकाईने शब्द कधी बघितलेलाच नसतो. सूचक लिहायला लागले की अर्थ कळलाय की नाही तेही तुम्हाला लगेच समजतं, वेगळी तोंडी परीक्षा नको. एका गटाचं कोडं दुसऱ्या गटाला द्या आणि अडेल तिथे बनवणाऱ्यांनीच समजावायचं.

आणि सोडवलेली कोडी फेकू नका. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मधे विसरण्यावरचे प्रयोग छापले तेव्हापासून माहितीय की शिकलेलं आधी भराभर गळतं आणि मधे अंतर ठेवून पुन्हा आठवलं तर टिकतं. म्हणून त्याच जाळीची कोरी प्रत आठवड्याने एकदा, मग महिन्याने, मग घटक चाचणीच्या आदल्या आठवड्यात परत द्या, दर वेळी सूचक थोडं बदलून. तिसऱ्या वेळी सूचक अजिबात देऊ नका, फक्त रिकामी घरं आणि एखादं अक्षर. त्यानंतर चाचणीच्या पेपरात मोठ्या उत्तरांत बघा, पोरं 'ती जाळीसारखी गोष्ट' लिहितायत का आंतर्द्रव्यजालिका लिहितायत. ज्या शब्दाला अजून वळसा घालतायत तो पुढच्या कोड्यात पहिला आडवा शब्द म्हणून घ्या.