मुलीच्या नावाचा अर्थ नीट कसा शोधायचा ('तारा' या एका नावाची पूर्ण उलटतपासणी)

मागच्या वर्षी डब्लिनहून भावाचा फोन आला, ताई मुलगी झाली, तू आत्या झालीस, आता नाव तूच शोध आणि अर्थ नीट बघून शोध गं, नाहीतर आई ऐकणार नाही. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. रात्री दीड वाजता मी मोबाईल हातात घेऊन बसलेले आणि डोकं गरगरायला लागलेलं, कारण दर तिसऱ्या नावाचा अर्थ 'सूर्याचा पहिला किरण', उरलेल्यांचा 'देवाची भेट' आणि पुढे शुभ अंक ७. नाव कुठलंही असो, अर्थ तोच!

शेवटी आम्ही 'तारा' ठेवलं. पण त्या तीन आठवड्यांत नाव कसं तपासायचं ते चांगलंच कळलं, म्हणून लिहून ठेवतेय, कुणाच्या घरी बारसं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे त्या नावांच्या साइट्स. त्या नावं गोळा करायला वापरा, अर्थासाठी नको. एकीनं लिहिलं की बाकीच्या शंभर तेच उचलतात, त्यामुळे 'सगळीकडे हेच लिहिलंय' याला काही किंमत नाही. कियारा घ्या, सध्या सोसायटीत दोन-तीन कियारा असतातच. इटालियन कियारा म्हणजे उजळ, स्वच्छ, लॅटिनमधल्या 'क्लारा'वरून आलेलं. आणि आयरिश भाषेत जवळपास तसंच दिसणारं एक नाव आहे, उच्चार साधारण 'कीरा', ते 'कीर' म्हणजे काळा या शब्दावरून आलंय. एक उजळ, एक काळी, आणि साइटवर दोघींची खिचडी करून 'तेजस्वी काळ्या केसांची राजकन्या'. असं काही दिसलं की ओळखायचं, दोन वेगळी नावं एकत्र शिजलीत.

मग अर्थ बघायचा कुठे, तर शब्दकोशात. मोल्सवर्थचा मराठी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही नेटवर फुकट आहेत, संस्कृतसाठी आपटे किंवा मोनियर विल्यम्स. फक्त नावाचा शब्द बघून थांबू नका, त्याचा धातू, म्हणजे तो शब्द ज्या मूळ क्रियेवरून आला ती बघा आणि त्याची भावंडं आपल्या रोजच्या बोलण्यात कुठे आहेत ते शोधा, खरी मजा तिथेच आहे.

ताराचं काय निघालं बघा. एक अर्थ सगळ्यांना माहीत, चांदणी. दुसरा अर्थ डोळ्यातली बाहुली, संस्कृतात तारा आणि तारका दोन्ही त्या अर्थानं येतात. आणि तिसरा अर्थ 'तॄ' धातूवरचा, तरून जाणे, पलीकडे नेणे, म्हणजे तारा ही तारणारी. हा अर्थ साइट्सवर सहसा नसतोच, आणि माझ्या मते या नावात सगळ्यात वजनदार तोच आहे. शिवाय तो आपल्या तोंडात रोज असतो की, 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतो आपण, बँकेत सोनं तारण ठेवतो, जुन्या मराठीत जहाजाला तारू म्हणायचे. अवतार आणि तीर्थ पण याच धातूचे. आईला चांदणी वगैरे ऐकून काही वाटलं नव्हतं, 'फिल्मी आहे' म्हणाली, पण तारू म्हटल्यावर एकदम गप्प झाली आणि म्हणाली, बरं आहे.

आता पुढची पायरी, ती बहुतेक लोक विसरतात आणि मग बारशाला कुणीतरी काका उठून सांगतात. नावामागच्या गोष्टी आधी स्वतः वाचून घ्या. पुराणातलं नाव असेल तर चित्रावशास्त्रींचा प्राचीन चरित्रकोश बघा, कारण एका नावाच्या चार-चार बायका निघतात. तारा तर विचारू नका. एक तारा वालीची बायको, हुशार, वालीला सांगत होती की सुग्रीवाशी आत्ता लढायला जाऊ नकोस, त्यानं ऐकलं नाही. दुसरी तारा बृहस्पतीची बायको, तिला चंद्रानं पळवलं, त्यावरून देव-दानवांचं युद्ध झालं आणि तिला बुध झाला. तिसरी दहा महाविद्यांमधली, म्हणजे देवीच्या दहा रूपांमधली तारा, बंगालात बीरभूमला तारापीठ आहे ते तिचंच. आणि हरिश्चंद्राची तारामती वेगळी.

आमच्याकडे बृहस्पतीच्या तारेवरून गाडी अडलीच. मावशी म्हणाली, 'अगं ती चंद्राबरोबर गेलेली, असलं नाव कशाला?' यावर उपाय सांगते, दुसरी बाजू तयार ठेवायची. पंचकन्यांचा श्लोक आजी रोज सकाळी म्हणायची, अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा, काही ठिकाणी सीतेच्या जागी कुंती म्हणतात, पण तारा दोन्हीकडे आहे (ही वालीची). ज्या नावाच्या स्मरणानं महापातकं जातात असं आपणच म्हणतो ते मुलीला ठेवायला काय हरकत आहे? मावशी गप्प. नुसतं 'आजकाल असलं कोण बघतं' म्हणाले असते तर वाद तीन दिवस चालला असता. आणि खरं सांगायचं तर पुराणातलं एकही नाव असं सापडणार नाही की ज्याच्यामागे काही भानगड नाही.

गोष्टींइतक्याच खऱ्या बायका पण बघा, ज्यांनी ते नाव वागवलं. मला वाटतं नावाला वजन तिथून येतं. महाराणी ताराबाई घ्या, हंबीरराव मोहित्यांची लेक. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती, लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षं लढली, १७०७ मध्ये बादशहाच गेला आणि ही १७६१ पर्यंत जगली. कोल्हापूरची गादी तिचीच. वहिनी कोल्हापूरची असल्यामुळे तिच्या माहेरी नाव फोनवरच पास झालं, पुढे कुणी काही विचारलंच नाही. दुसरी बुलढाण्याची ताराबाई शिंदे, १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना असं काही धुतलंय की आज वाचलं तरी झोंबतं. तारामतीची एक गंमत, फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे पुरुष, कारण काम करायला बाईच मिळेना. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये मात्र दुर्गा खोटे तारामती झाल्या.

आता मुख्य भाग, परदेशातले अर्थ. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

झालं असं की भावाच्या ऑफिसात नाव सांगितल्यावर एक आयरिश बाई आनंदानं म्हणाली, अरे वा, आमचं नाव ठेवलंत! भाऊ म्हणाला आमचंच आहे. दोघंही बरोबर. आयर्लंडमध्ये मीथ काउंटीत तारा नावाची टेकडी आहे, डब्लिनपासून तासाभरात पोचता, जुन्या आयरिश राजांची मानाची जागा, वर 'लिया फॉल' नावाचा उभा दगड आहे, त्या दगडाशी राजाचा अभिषेक व्हायचा अशी कथा आहे. आयरिश भाषेत त्या टेकडीचं नाव काहीतरी 'चावर'सारखं उच्चारतात, इंग्रजांच्या तोंडी त्याचं तारा झालं. त्याचा चांदणीशी काही संबंध नाही. अमेरिकेत हे नाव पसरलं त्यात 'गॉन विथ द विंड' या कादंबरीचा आणि सिनेमाचा मोठा हात, त्यातल्या शेतमळ्याचं नाव तारा आहे आणि ते या टेकडीवरूनच घेतलंय. म्हणून अमेरिकन साइटवर ताराचा अर्थ 'टेकडी' दिसतो, भारतीय साइटवर 'चांदणी' दिसतो, आणि मग कुणीतरी हुशारी करून 'टेकडीवरची चांदणी' लिहितो.

म्हणून परदेशी अर्थ सापडला की तो तीन डब्यांपैकी कुठल्या डब्यात जातो ते ठरवायचं.

पहिला डबा सख्ख्या बहिणींचा, म्हणजे मूळ शब्दच एक. ऋग्वेदात 'स्तृभिः' असं रूप येतं, ताऱ्यांनी या अर्थानं, त्यातला 'स' पुढे गळला आणि आपल्याकडे तारा राहिली. फारसीत सितारा, लॅटिनमध्ये स्टेला, इंग्रजीत स्टार, जर्मनमध्ये श्टेर्न, सगळ्यांना तो 'स' अजून आहे. म्हणजे स्टेला आणि सितारा या ताराच्या खऱ्या बहिणी, दिसायला वेगळ्या असल्या तरी.

दुसरा डबा प्रवासाला गेलेल्यांचा, आणि हा मला सगळ्यात आवडला. बौद्धांची तारा देवी इथून निघाली आणि कुठल्या कुठे गेली. जावा बेटावर कलसन नावाचं मंदिर आहे, तिथल्या ७७८ सालच्या संस्कृत शिलालेखात तारेसाठी मंदिर बांधल्याचं लिहिलंय. तिबेटात मात्र नाव जसंच्या तसं नाही गेलं, त्याचा अर्थ गेला, त्यांनी 'तारणारी'चं भाषांतर करून डोल्मा केलं. हिमाचलात धरमशाळेला, तिबेटी लोक राहतात तिथे, गेलात तर दर चौथी बाई डोल्मा भेटेल, त्या सगळ्या एका अर्थानं ताराच. इतकं लांब जायची पण गरज नाही, वेरूळला नऊ नंबरच्या लेण्याच्या दर्शनी भागावर तारा आहे, तिच्या एका बाजूला साप, तलवार आणि हत्तीचं संकट, दुसऱ्या बाजूला आग आणि बुडणारं जहाज, या सगळ्यातून ती वाचवते. मी वेरूळला तीनदा गेलेय आणि तिन्ही वेळा कैलास बघून, कणीस खाऊन परत आलेय, हे लेणं कधी बघितलंच नाही. आता फोटो झूम करून बघितला, ते जहाज दिसलं आणि आपलं तारू आठवलं, तेव्हा माझ्याकडून हे नाव फायनल झालं, बाकीचे नंतर तयार झाले.

तिसरा डबा नुसत्या योगायोगाचा. आयरिश टेकडी यात. मॉन्टेनेग्रोमध्ये तारा नदी आहे, तिची दरी साधारण १३०० मीटर खोल, त्या भागातही तारा मुलींचं नाव आहे. आणि किराणा दुकानात काट्यावर 'टेअर' बटण असतं ना, भांड्याचं वजन वजा करायचं, तो शब्द इटालियन 'तारा'वरून, तो मूळ अरबी, अर्थ टाकून दिलेलं. स्पॅनिशमध्ये तर तारा म्हणजे खोट, दोष! असलं काही निघालं तर घाबरायचं नाही, कारण आवाज जुळला म्हणून नातं होत नाही, पण मूल ज्या देशात वाढणार तिथल्या भाषेत एकदा बघून घ्यायचं, शाळेत चिडवणारे तिथलेच असणार. अगदीच शिवी निघाली तर मात्र नाव बदला, तिथे संस्कृत धातू कामाला येत नाही.

चिडवण्यावरून आठवलं, आपल्या भाषेतले सारखे शब्द पण तपासा. तार या शब्दाचं अनेकवचन तारा, त्यामुळे 'विजेच्या तारा', 'तारा तुटल्या' हे होणारच. अकलेचे तारे तोडणं आहेच. आणि तारांबळ! हा शब्द मंगलाष्टकांमधल्या 'ताराबलं चंद्रबलं तदेव'वरून आला म्हणतात, मुहूर्त गाठायला भटजी घाईघाईनं म्हणतात ना, त्यावरून. माझ्या मते तारांबळ हे घरात हाक मारायला उत्तम नाव आहे, वहिनीला पटलेलं नाही.

पत्रिकेवरून अक्षर काढणार असाल तर 'ता' हे स्वाती नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं. आमच्या बाळाचं नक्षत्र भलतंच निघालं, मग पत्रिकेतलं नाव वेगळं ठेवलं आणि हाकेचं तारा, अर्ध्या महाराष्ट्रात हेच करतात, फार ताण घेऊ नका. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं, मी पुण्यातून कुर्रर्र केलं आणि नेमकं तेव्हाच नेट अडकलं, त्यामुळे नाव बाळाच्या कानात पडायच्या आधी सगळ्या नातेवाईकांना कळलं.

सरकारी बाजू: भारतात जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय करता येते, बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, नंतर १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून. म्हणजे घाईघाईत साइटवरचं कुठलंतरी 'पहिला किरण' उचलायची गरज नाही. फक्त इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि देवनागरीत कसं लिहायचं तेही फॉर्मवर स्वतः लिहून द्या, कारण इंग्रजीत त आणि ट एकच, कुणीतरी 'टारा' टाइप केलं की ते आधारपर्यंत चिकटतं. डब्लिनमध्ये सगळे टाराच म्हणतात, तिकडे इलाज नाही.

आणि शेवटची टेस्ट, नाव रागानं जोरात हाक मारून बघा. मराठीत हाक मारताना ताराचं 'तारे' होतं हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. परवा आई फोनवर ओरडली, 'अगं तारे, तोंडातलं काढ ते!' आणि भाऊ तिकडे म्हणतोय, एकच आहे गं आई, एकच.