शिलाई युनिट वाढवताय? या चुका टाळा

पुण्यातल्या धायरी, नऱ्हे, हडपसर भागात शाळेचे गणवेश शिवणारी आपली छोटी युनिट्स ऑर्डर नाही म्हणून सहसा बंद पडत नाहीत. ऑर्डर वाढते, तेव्हाच ती अडचणीत येतात.

मोठी ऑर्डर आली की आपण आधी शिलाई मशिनं घेतो. थांबा. संध्याकाळी पाच वाजता युनिटमध्ये उभं राहून अर्धवट माल कुठे साचलाय ते बघा. आठ मशिनं आणि काज करायला एकच मशीन असेल, तर कॉलर लागलेल्या शर्टांचा ढीग तिथेच दिसेल. नववी शिलाई मशीन आणून तो ढीग आणखी वाढेल.

दुसरी चूक मी स्वतः केली आणि ती महागात पडली. पांढरा शर्ट, निळी पँट अशी ऑर्डर होती. पँटचं कापड दोन वेगवेगळ्या लॉटमधलं, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेलं आलं. ट्यूबलाइटखाली सारखंच दिसलं, म्हणून सगळे ताके एकावर एक अंथरून कापले. शिवून झाल्यावर दारात उन्हात धरलं, तर पुढचा भाग एका निळ्याचा आणि मागचा दुसऱ्याचा. कापलेलं कापड कोण परत घेणार? तेव्हापासून ताके दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी लावून बघतो, आणि कटिंग मास्तर प्रत्येक थराला नंबर लावल्याशिवाय गठ्ठा बांधत नाहीत, म्हणजे एका पँटचे सगळे भाग एकाच थरातले राहतात.

आटण्याचंही तसंच. कापडावर ५० सेंटीमीटरचा चौकोन पेनाने आखा, तीनदा धुवा, वाळवा, मोजा. ४८ भरला तर कापड ४ टक्के आटतं. म्हणजे ७० सेंटीमीटर लांबीचा शर्ट पहिल्या महिन्यातच जवळजवळ ३ सेंटीमीटर आखूड. इचलकरंजीहून कापड आणा नाहीतर रविवार पेठेतून, हे केल्याशिवाय कात्री लावू नका.

तयार कपड्यांवरचे जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेत: नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. २,५०० च्या वर जाणाऱ्या ब्लेझरचं जुनं कोटेशन तसंच पाठवू नका.

सगळ्यात जास्त जीव घेते ती उधारी. कापडवाल्याला रोख, कारागिरांना शनिवारी पगार, आणि आपले पैसे मात्र दिवाळीनंतर! उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत माल घेणाऱ्याला पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याजही लागतं. माल घेणारा व्यापारी असेल तर २०२३-२४ पासून त्याला आणखी एक फटका आहे: मुदतीत न दिलेली रक्कम तो प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी त्याला खर्चात दाखवता येते. हे ऑर्डर घेतानाच शांतपणे सांगा. बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे द्यायची तारीख छापा, आणि माल टेम्पोत चढतानाच ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.