जोडीदाराच्या कुत्र्याला वास येतो? आधी कुठून येतो ते शोधा

लग्न होऊन इंदूरला आलेल्या मुलीला सासरी सासू-सासऱ्यांबरोबर कधीकधी एक लॅब्रेडॉरही मिळतो. तो त्या घरात तिच्या आधीपासून असतो, सोफ्याचा एक कोपरा त्याच्या नावावर असतो, आणि त्याच्या अंगाचा वास घरात दुसऱ्या कुणालाच येत नसतो. यात कुणी खोटं बोलत नाही. रोजच्या वासाची दखल नाक घेईनासंच होतं. म्हणून "तुझ्या कुत्र्याला घाण वास येतो" असं म्हटलं की नवऱ्याला ते कुत्र्याबद्दल वाटत नाही. स्वतःबद्दल, घराबद्दल, फार तर आईबद्दल वाटतं. मग दोन दिवस अबोला. (बायकोने माहेरून शित्झू, म्हणजे लांब केसांचा छोटा कुत्रा, आणला असेल तर पात्रं बदलतात, प्रसंग तोच.)

यावर माझ्या मते एकच उपाय चालतो. वास नेमका कुठल्या जागेचा ते शोधायचं आणि बोलताना त्या जागेचंच नाव घ्यायचं.

१. नाकाने तपासणी

कुत्रा फिरून, खाऊन निवांत पडलेला असताना हे करा. तुमची त्याची ओळख नवी असेल तर तोंड आणि शेपटीकडची बाजू त्याच्या मालकालाच बघू द्या. परक्या हाताने तिथे चाचपलं तर गरीब कुत्राही दात दाखवतो.

सुरुवात कानापासून. लॅब्रेडॉर, कॉकर स्पॅनियल यांचे कान लोंबते, आत हवा खेळत नाही. त्यात कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते, त्यामुळे आत गेलेलं पाणी तिथेच मुरतं. कानाची पाळी उलटून धरा. आतली कातडी फिकट गुलाबी, कोरडी असेल तर कान ठीक आहे. लाल, सुजलेली, ओलसर असेल, कापसाचा बोळा दिसतो तेवढ्याच भागावर फिरवल्यावर तपकिरी-काळा मळ येत असेल आणि बोळ्याला आंबूस वास असेल, तर घरभर पसरलेल्या वासाचं मूळ बहुधा हेच. तो बोळा फेकू नका. पुढे बोलताना कामाला येतो.

मग तोंड. ओठ वर करून मागच्या दाढा बघा. हिरडीलगत पिवळट-तपकिरी दगडासारखा थर आणि लाल हिरड्या दिसल्या तर कितीही आंघोळी घाला, तोंड जवळ आणलं की वास येणारच. तीन वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांना दातांचा काही ना काही त्रास असतो.

सडक्या मासळीसारखा वास अचानक आणि तीव्र येत असेल, कुत्रा बूड फरशीवर घासत पुढे सरकत असेल, तर त्या गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या ग्रंथी. घड्याळात चार आणि आठ जिथे असतात तिथे त्या असतात, आणि तुंबल्या की असं होतं.

त्यानंतर बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, गळ्याखालच्या घड्या. तेलकट, कुबट, शिळ्या तुपाचा वास असेल आणि कातडी काळपट, जाडसर झाली असेल, तर तिथे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलंय. पावसाळ्यात हे जास्त. शेवटी केसांच्या जटा: कानामागे, पट्ट्याखाली, मांड्यांच्या मागे. आणि हो, त्याची गोधडी. निम्म्या घरांत आरोपी तीच निघते.

२. बोलायचं कसं

सगळ्यांसमोर जेवताना नको, सासूबाईंनी देवघरावरून काही म्हटल्यावर तर मुळीच नको. कुत्र्याला फिरवायला दोघं निघालात की बोला. "अरे, ब्रुनोच्या डाव्या कानातून वास येतोय, आणि तो तिथेच सारखं खाजवतोय. दुखत असेल त्याला. शनिवारी दाखवूया का?" यात घाण हा शब्द नाही, तुझा कुत्रा असंही नाही. तरी नवरा म्हणाला की मला तर काहीच येत नाही, तर तो बोळा त्याच्या नाकाशी धरा. किंवा तो दोन-तीन दिवस गावाला जाऊन आला की दारातच विचारा. तेव्हा त्याचं नाक ताजं असतं.

त्याच वेळी अजून एक गोष्ट ठरवून टाका: कुत्रा पलंगावर झोपणार की खाली. हा निर्णय रागात घेतला तर चार दिवसही टिकत नाही, आणि कालपर्यंत उशाशी झोपणाऱ्याला एकदम गच्चीवर पाठवलं तर तो रात्रभर रडतो. आधी पलंगाशेजारी अंथरूण, मग दाराजवळ, असं सरकवत न्या.

३. डॉक्टरांचं काम डॉक्टरांकडे

कान, दात, ग्रंथी आणि यीस्ट ही चारही कामं पशुवैद्याची. आपल्याकडे कान दुखला की कोमट तेल सोडायची सवय आहे. कुत्र्याच्या कानात ते सोडू नका. पडदा फाटलेला असला तर त्रास वाढतो. गोचिडांसाठी खोबरेल तेलात कापूर किंवा गोधडीखाली डांबरगोळ्या हा सल्ला अजूनही मिळतो. दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. आपली टूथपेस्टही नको, काहींमध्ये झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. इंदूरजवळ महूला १९५५ पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावातही खाजगी दवाखाने भरपूर आहेत.

ऑपरेशन न झालेली मादी असेल, मागून घाण वासाचा स्राव येत असेल, ती सुस्त पडून सारखं पाणी पीत असेल, तर शनिवारची वाट बघू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी न्या.

४. आधी कंगवा, मग पाणी

लोक इथेच चुकतात. जटेवर पाणी पडलं की ती आवळते आणि आत ओल धरून ठेवते, मग आंघोळीच्या दुसऱ्या दिवशी वास दुप्पट. कोरड्या जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लॉर चोळा. जटेचं मूळ कातडीलगत दोन बोटांत धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग टोकाकडून, थोडे थोडे केस कंगव्याच्या कोपऱ्याने सोडवत आत या. एक जट सुटायला सहज पाच-दहा मिनिटं जातात. कुत्रा कंटाळला की थांबायचं, उरलेली उद्या. कात्री मात्र लावू नका. जटेबरोबर कातडी वर उचलली जाते आणि ती केसांत दिसत नाही, टाके पडतात. अंगभर नमद्यासारखा थर झाला असेल तर विंचरण्याचा हट्ट सोडा आणि पार्लरवाल्याकडून मशीनने काढून घ्या.

शित्झू, ल्हासाचे केस बारीक केले तर चालतात. लॅब्रेडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांना मात्र उन्हाळा आला म्हणून गुळगुळीत भादरू नये. त्यांचा दुहेरी कोट, म्हणजे केसांचे दोन थर, उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा भादरला की पुन्हा तसाच येईल याची खात्री नसते.

५. आंघोळ

महिन्यातून एकदा पुरते, फार तर तीन आठवड्यांनी. नर्मदेचं पाणी आपल्याकडे बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं, त्या दिवशी आंघोळ घाला. बोअरच्या जड पाण्याने केस राठ राहतात. पाणी कोमट. मोरीत रबरी पायपुसणं टाका, पाय घसरला की कुत्रा घाबरतो आणि पुढच्या वेळी पलंगाखालून निघत नाही. शॅम्पू कुत्र्याचाच हवा. माणसाच्या कातडीचा पीएच साधारण ५.५, कुत्र्याचा त्याहून वर, उदासीनाच्या जवळ. आपला शॅम्पू त्याची कातडी कोरडी करतो. डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिला असेल तर फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो. तोवर कुत्र्याला धरणं हे मालकाचं काम. तुम्ही तांब्या धरा.

कानात पाणी जाऊ देऊ नका, डोकं ओल्या कपड्याने पुसलं तरी भागतं. धुऊन झाल्यावर पंच्याने रगडून, मग पंख्याखाली किंवा ड्रायरच्या मंद हवेवर मुळापर्यंत कोरडं करा. वरून कोरडा आणि आतून ओला कुत्रा हाच कुबट वासाचा कारखाना. गळलेले केस गोळा करून कचऱ्यात टाका, मोरीत सोडले तर जाळी तुंबते.

डिओ, अत्तर, टाल्कम पावडर यातलं काहीही नको. वास झाकला जातो आणि आजार आत वाढतो, शिवाय कुत्रा ते चाटतो.

६. घर

गोधडीला धुता येणारे दोन अभ्रे शिवून घ्या, आठवड्याला एक बदलायचा, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचा. सोफ्यावर जुनी चादर. फिनाइलने फरशी पुसली तर वाळेपर्यंत कुत्रा दुसऱ्या खोलीत. ओल्या फरशीवरचं तो पायांना लावून घेतो आणि मग पाय चाटतो. गोचीड दिसले तर फक्त अंगावरचे काढून भागत नाही. मादी भिंतीच्या फटींत, दारांच्या चौकटीत हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याचं औषध आणि फटींची सफाई एकाच वेळी हवी.

जून ते सप्टेंबर माळव्याची काळी माती पायांना चिकटून घरात येते. दाराशी पाण्याचा टब आणि जुना टॉवेल ठेवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला कुत्र्याला नेऊ नका, रंग कातडीलाही बाधतो आणि पोटालाही. आणि सकाळच्या पोह्यांतला घास बंद. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींवर परिणाम करतात, आणि शेव आणि जिरावण या वरून भुरभुरायच्या मसाल्याने रात्री जो वायू सुटतो त्यावर कुठलाच शॅम्पू नाही. ही गोष्ट सासऱ्यांना सांगायची जबाबदारी नवऱ्याची.

७. वाटणी

ज्याचा कुत्रा त्याच्याकडे कंगवा, कान आणि डॉक्टर. दुसऱ्याकडे अभ्रे आणि आंघोळीचा तांब्या. गोचिडाच्या औषधाची आणि आंघोळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका, म्हणजे आठवण करून द्यावी लागत नाही आणि त्यावरून वाजतही नाही. "तुला आवडत नाही तर तूच धू" असं उत्तर वारंवार येत असेल तर मात्र स्पष्ट बोला: कान सडलेला कुत्रा दुखणं सोसतोय, आणि ते माझ्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या, पट्टा त्याच्या हातात द्या.