वास्को काउंटी बघायची तर नदीपासून सुरुवात करा

पुण्याहून कुणीही आमच्याकडे अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला आलं, की दुसऱ्या दिवशी विचारतंच, "रजनीशांचं ते गाव दाखवशील ना?" दाखवते, पण सगळ्यात शेवटी. पहिल्या खेपेला आत्याला थेट तिकडे नेलं आणि अख्खी वास्को काउंटी (आपल्याकडचा जिल्हाच म्हणा) बघायची राहून गेली. तसं करू नका.

सकाळी लवकर निघून आधी काउंटीचं मुख्य शहर द डॅल्स गाठा, दीडेक तास लागतो. टाकी तिथेच फुल करा, पुढे पंप विरळ आहेत. १८५९ सालचं लाकडी कोर्ट बघा. १८५४मध्ये काउंटी झाली तेव्हा ती थेट रॉकी पर्वतापर्यंत होती, सुमारे १ लाख ३० हजार चौरस मैल, आजच्या महाराष्ट्राहून मोठी! तुकडे पडत पडत आता गव्हाची शेतं, चेरीच्या बागा आणि साधारण २६ हजार माणसं उरलीत. जून-जुलै असेल तर चेरी घ्याच.

मग सेलायलो. इथे घाई नको. गाडी बंद करून काठावर उभे राहा. दिसेल नुसतं सपाट पाणी. इथे कोलंबिया नदीचा धबधबा होता. हजारो वर्षं मूळ रहिवासी इथे सामन मासा पकडायचे, लांबलांबचे लोक व्यापाराला यायचे. १० मार्च १९५७ला धरणाची दारं बंद झाली आणि काही तासांत तो बुडाला. आत्याचं माहेर इंदापूरकडचं, शिवार उजनीत गेलेलं. दुसऱ्या खेपेला तिला इथे आणलं तर बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आमच्याकडं उन्हाळ्यात देवळाचं शिखर तरी वर येतं गं."

तिथून दक्षिणेला डेशूट्स नदीवरच्या शेरार्स धबधब्याला जा. लाकडी मचाणावरून, लांब दांड्याच्या जाळ्यानं आजही तसेच मासे पकडतात. मूळ रहिवाशांचा हा हक्क अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५च्या करारातला आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

आता अँटिलोप. १९८१मध्ये रजनीशांच्या शिष्यांनी जवळच ६४ हजार एकरांचं रँच घेतलं, पुढे या गावाचा कारभारही हाती घेतला. १९८४मध्ये काउंटीची निवडणूक जिंकायला त्यांच्यातल्या काहींनी द डॅल्सच्या हॉटेलांतल्या सॅलडमध्ये जंतू मिसळले, ७५१ माणसं आजारी पडली. रँचमध्ये शिरू नका, तिथे आता ख्रिस्ती तरुणांची शिबिरं भरतात. गावातल्या पोस्टापाशी झेंड्याच्या खांबाखाली एक पाटी आहे, त्या आक्रमणाला विरोध करणाऱ्यांच्या स्मरणार्थ. ती वाकून, नीट वाचा.